दोन टीव्हींची वर्गणी

४ फेब्रुवारी

तडतड्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील. कुणी गेलेलं नाही. टीव्ही गेला, तोही अर्धाच. टीव्ही धडधाकट आहे, केबल तुटली. केबलवाला म्हणाला, अख्ख्या इमारतीत तुम्ही एकट्याच उरला होतात, एका घरासाठी तार कोण सांभाळणार? जुनी तार गुंडाळून घेऊन गेला आणि तिच्या जागी इंटरनेटचा एक डबा बसवला. त्यावर चार हिरवे दिवे लुकलुकतात. पहिले दोन दिवस मी त्या दिव्यांकडेच बघत बसले, मग माझी मलाच लाज वाटली.

खालच्या मजल्यावरची नर्स म्हणते की आता टीव्हीला पेटी लावायची असते. इंटरनेट त्या पेटीत जातं आणि पेटीतून चित्र टीव्हीवर येतं. तिच्याकडे आहे, मी पाहिली. तू दिवसभर दुकानात हीच यंत्रं उघडून बसतोस, तेव्हा कुठली घेऊ ते तूच सांग. रोज उठून बिघडणारी नको, आणि माणसांची तोंडं स्वच्छ दिसली पाहिजेत. स्वस्त हवी हे वेगळं सांगायला नको, माझी पेन्शन तुला ठाऊक आहे.

आवाज कसा का असेना. बत्तीस वर्षं कापडगिरणीच्या विणकाम खात्यात काढली. मागांनी माझे कान खाल्ले, डोळे तेवढे सोडले. त्या खडखडाटात आम्ही बायका ओठांवरच बोलायचो. सहा माग पलीकडे उभी असलेली बाई नवऱ्याला काय शिव्या देते तेसुद्धा इकडे कळायचं. टीव्हीही मी तसाच बघते.

तुझे काका गेल्यापासून या घरात टीव्हीशिवाय तोंड हलवणारं कुणी नाही. आरशात माझं हलतं, पण मी काय बोलणार ते मला आधीच माहीत असतं.

मावशी

ता. क. फोन करू नकोस. तू ओरडतोस, मला ऐकू येत नाही, आणि सगळं शेजाऱ्यांना कळतं.


१० फेब्रुवारी

मावशी,

घरच्या माणसाचं पत्र, आणि त्यात ‘कॉलेज पुरं कर’ हे शब्द नाहीत! मी दोनदा उलटून पाहिलं. नाहीत. म्हणून तुला लगेच उत्तर.

आता लक्ष देऊन वाच. बाजारात एक कांडी मिळते, बोटापेक्षा थोडी जाड. ती टीव्हीच्या पाठीत खोचायची. स्वस्त आहे आणि वाईट नाही, पण लोक तिला वीज टीव्हीच्याच भोकातून देतात. ती पुरत नाही, मग ऐन भांडणाच्या प्रसंगात कांडी बंद पडते आणि पुन्हा पहिल्यापासून चालू होते. आठवड्याला चार जण तरी तक्रार घेऊन येतात. मी म्हणतो, सोबतचा प्लग भिंतीत लावा. ते म्हणतात, मग टीव्हीला भोक कशाला दिलंय? परवा एकाशी यावरून इतकं वाजलं की मालकाने मला मागच्या खोलीत पिटाळलं. तिथे मी तासभर स्क्रू निवडत बसलो. कोण चुकत होतं? तो! आणि स्क्रू कुणी निवडायचे? मी!

कांडीहून बरी म्हणजे छोटी पेटी, तळहाताएवढी. तिला इंटरनेटची तार थेट लावता येते, ती तापत नाही, आणि नावाजलेल्या कंपनीची असेल तर तिच्या दुरुस्त्या काही वर्षं आपोआप येत राहतात. तुझ्यासाठी हीच. सगळ्यात महागडी घ्यायची काही गरज नाही, तिच्याखालचीही तोंडं तितकीच स्वच्छ दाखवते.

आणि बिननावाच्या पेट्या असतात, ज्यांच्या खोक्यावर ‘सगळं फुकट’ असं लिहिलेलं असतं, त्यांच्या वाटेलाही जाऊ नकोस.

पण आत्ता घाई करू नकोस. नवीन पेट्या येणार आहेत, त्या आल्या की जुन्यांचे भाव उतरतील. थोडं थांब. तोवर टीव्हीच्या पाठीमागे चपटी भोकं किती आहेत तेवढं बघून कळव.

तुझा
तडतड्या


१५ फेब्रुवारी

तडतड्या,

चपटी भोकं दोन. एकात कोळी राहत होता, त्याला बाहेर काढला. दुसरं जरा वाकडं वाटतं, पण माझी नजरही वाकडी असेल.

तू म्हणतोस तर थांबते. सध्या संध्याकाळी मी खिडकीत बसते. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं आहे. काच लावून भांडतात, म्हणजे कुणाला कळणार नाही. मला सगळं कळतं. काल ती म्हणाली, तुझ्या आईला सांग की मी माणूस आहे. तो काय म्हणाला ते कळलं नाही, कारण तो पाठ करून बोलत होता. पाठ करून बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. मग त्यांनी पडदा ओढला आणि माझा कार्यक्रम संपला. हे काही बरं नाही रे. दुसऱ्याच्या घरात किती डोकावायचं माणसाने?

नर्सकडे एक मालिका पाहिली. परक्या देशातली होती आणि आपल्या भाषेचा आवाज वरून चिकटवलेला. खाली अक्षरं एक सांगतात आणि ओठ भलतंच. अर्ध्या तासात डोकं भणभणलं. मला आपल्याच भाषेतलं दाखवणारी पेटी हवी, आणि अक्षरं मोठी.

आणखी एक. नर्सच्या मुलाने आईला आपल्या वर्गणीत जोडून घेतलं आहे, तिला वेगळं काही भरावं लागत नाही. तुझीही तशी वर्गणी आहे ना? काका आजारी होते तेव्हा तू फोनवर जुने विनोदी सिनेमे लावून दिले होतेस. ते शेवटचं मोठ्याने हसले ते तेव्हाच. पेटी मी घेते, वर्गणीत तेवढं तू जोडून घे. स्वतंत्र वर्गणी घ्यायला कार्ड लागतं म्हणे, आणि मोठा फोन. माझ्याकडे दोन्ही नाही.

मावशी


१ मार्च

मावशी,

उशीर झाला. दुकानात काम खूप होतं.

पेट्यांचं सांगतो. जिच्यावर माझी नजर होती, तिच्या रिमोटची बटणं चार महिन्यांत बसतात असं दिसतंय. दुसरी एक आहे, पण ती अक्षरं मोठी करू देत नाही. तिसरीचा पत्रा चांगला आहे, पण आतली जागा कमी, वर्षभरात भरून जाईल आणि मुंगीसारखी चालायला लागेल. घाईघाईत काहीतरी गळ्यात मारून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं. भरवशाची वस्तू शोधायला वेळ लागतो. तुला वाटतं मी उगाच फाटे फोडतोय?

वर्गणीचं म्हणशील तर त्यात दोनच जागा असतात. म्हणजे दोनच यंत्रं जोडता येतात. एक माझा फोन, दुसरी एका मित्राला दिलेली आहे. त्याला आता एकदम कसं काढू? चार जागांची वर्गणी दुप्पट पडते, आणि या महिन्यात मालकाने माझे तीन दिवस कापलेत (पुन्हा एक गिऱ्हाईक, विचारू नकोस).

बघू या. काहीतरी निघेल. तोपर्यंत पुस्तकं वाच ना. काकांची कपाटभर आहेत.

तडतड्या


१२ मार्च

तडतड्या,

काकांची पुस्तकं यंत्रांच्या दुरुस्तीची आहेत. एक वाचलं. आता मला पाण्याचा पंप उघडता येईल.

तुझा नाइलाज कळला, म्हणून मी बाजारात जाऊन पेटी घेऊन आले. हो, ‘सगळं फुकट’वालीच. ओरडू नकोस. दुकानदार तोंड वाकडं न करता, हळू, माझ्याकडे बघून बोलला. इतकं सरळ माझ्याकडे बघून कुणी बोललं त्याला किती दिवस झाले असतील? मी पाकीट उघडलं.

घरी आणून लावली. नर्सने मदत केली. चित्र आलं, पण सगळी माणसं पाण्याखाली बसल्यासारखी. नाक आहे, कपाळ आहे आणि तोंडाच्या जागी एक डाग हलतो आहे. अक्षरं येतात ती माणूस बोलून उठून गेल्यावर. मी जवळ जाऊन बसले. आणखी जवळ गेले. शेवटी टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेले, तर माणूस दिसेनासा झाला आणि नुसते चौकोन दिसायला लागले. तीन दिवसांत पेटी आपसूक जाहिराती दाखवायला लागली, तेव्हा नर्सने ती उपटून काढली. दुकानदाराकडे गेले तर तो पाठ करून माल लावत होता. दोनदा हाक मारली. त्याने काय उत्तर दिलं असेल देव जाणे.

मला राग आलेला नाही. तुझ्याकडे मागायला नको होतं. तुझं तुला भागत नाही.

तुझा तो मित्र बरा आहे ना? केस अजून तसेच कुरळे आहेत का त्याचे, काकांना सिनेमे लावून देताना तुझ्या फोनवरच्या फोटोत दिसले होते तसे?

मावशी


१६ मार्च

मावशी,

त्या दुकानदाराचा पत्ता पाठव. नाही, पाठवू नकोस, मी खरंच येईन आणि त्याची काच फोडेन. तशा पेट्यांना कुणाचा परवाना नसतो, म्हणून कंपन्या त्यांना मुद्दाम मळकं चित्र पाठवतात. स्वच्छ चित्र त्यांना मिळतच नाही. माझ्याशी तासभर वाद घालणाऱ्या गिऱ्हाइकांना मी हे रोज समजावतो. आणि माझी सख्खी मावशी तोंडाच्या जागचे डाग बघत बसली. माझ्यामुळे. मला माहीत आहे की माझ्यामुळे.

तू ओळखलंसच, तेव्हा लिहून टाकतो. दुसरी जागा तिची आहे. कुरळीची.

कॉलेज मी का सोडलं ते बाबांना ‘मास्तरांशी भांडलो’ एवढंच ठाऊक आहे. भांडलो होतो, पण त्याने कॉलेज सुटत नाही. तिला या शहरात नोकरी लागली. ती म्हणाली, तू येऊ नकोस, आधी पुरं कर. मी ऐकतो का कुणाचं? प्रात्यक्षिकाच्या परीक्षेच्या दिवशी गाडीत बसलो. पहिल्या पगारात तिच्या खोलीतल्या टीव्हीसाठी पेटी घेतली (चांगली, नावाची), वर्गणी माझी. दोघं मिळून एक मालिका बघायचो. सहाव्या भागानंतर आमचं भांडण झालं, माझ्याच तोंडामुळे. ती म्हणाली, तुझ्याबरोबर सारखं सावध बसावं लागतं. तीन महिन्यांत तिने खोली सोडली, नोकरी बदलली आणि फोन नंबरही. आता तिच्या शहरात मी राहतो. ती इथे आहे की नाही, मला माहीत नाही.

पण मावशी, पेटी चालू आहे! वर्गणीत तिचं नाव ‘कुरळी’ म्हणूनच आहे, मीच घातलेलं. जानेवारीपासून रोज आठ वाजता ती मालिका लागते. पहिल्या भागापासून! प्रत्येक भागाच्या चित्राखाली एक लाल पट्टी असते, किती बघून झालं ते दाखवणारी. मी खोलीवर पडून फोनवर ती पट्टी बघतो. काल सत्तरावा भाग संपला. ज्या मुलीला मला विसरायचं आहे ती आमचीच मालिका पहिल्यापासून कशाला बघेल? पट्टी पुढे सरकते तेव्हा मला वाटतं, आत्ता ती तिथे बसली आहे, पाय वर घेऊन.

तुला जागा द्यायची तर ही पट्टी जाते. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही.

मला शिव्या दे.

तडतड्या


२१ मार्च

तडतड्या,

शिव्या कशाला? मीही काकांचं चष्म्याचं घर अजून टीव्हीवर ठेवते.

पण विणकाम खात्यातली एक गोष्ट सांगते. नवीन मुलगी कामाला आली की आम्ही तिला ओठ वाचायच्या आधी एक खूण शिकवायचो. लांबून कुणी तुझ्याकडे तोंड करून बोलताना दिसलं, की लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी हात छातीवर ठेवायचा. म्हणजे, मला? समोरचीने मान हलवली तरच पुढे बोलायचं. कारण इतक्या मागांमधून तोंड नक्की कुणाकडे आहे ते कळत नाही. ती तुझ्या मागच्या बाईशी बोलत असेल, सुपरवायझरला नावं ठेवत असेल, गाणं म्हणत असेल.

मी नवीन होते तेव्हा एकदा ही खूण न करता हसले. पलीकडून एक तरुण फिटर रोज दुपारी बघून काहीतरी बोलायचा. पंधरा दिवस मी आनंदात होते. वेणी घालायची पद्धतसुद्धा बदलली. सोळाव्या दिवशी कळलं की तो माझ्या मागच्या घड्याळात बघून ‘अजून तीन तास’ म्हणायचा. सगळं खातं हसलं. मीही हसले, पण दोन दिवस जेवण गेलं नाही. (नंतर काकांशी लग्न ठरलं तेव्हा मी आधी तीनदा विचारून घेतलं होतं.)

तू छातीवर हात ठेवलास का? तिला विचारलंस का? तू तर पट्टीशी लग्न लावून बसला आहेस.

मला पेटी नको आता, खरंच. पण तू विचार. नुसतं बघत पडून राहिलं की माणूस आपल्या मनातलंच समोर वाचायला लागतो.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

विचारलं.

तिचा नंबर नाही, पत्ता नाही. मग सुचलं की वर्गणीतलं नाव कुणालाही, कुठल्याही यंत्रावरून बदलता येतं. म्हणून ‘कुरळी’ खोडलं आणि तिथे लिहिलं, ‘तूच आहेस ना?’ तेवढीच अक्षरं मावतात. पेटी लावली की हेच नाव समोर येणार.

आठ वाजता पट्टी सरकली नाही. सव्वाआठला नाव बदललं.

‘नाही. मी भाडेकरू.’

मावशी, मी फोन भिंतीवर मारायला हात उचलला होता. फोन एकच आहे म्हणून वाचला. मग लिहिलं, ‘ती कुठे गेली?’

‘माहीत नाही. टीव्ही, पेटी खोलीतच होते.’

‘पहिल्या भागापासून का बघता?’

याचं उत्तर यायला दहा मिनिटं लागली. रिमोटने एकेक अक्षर निवडावं लागतं, तो बहुतेक हळू निवडतो.

‘आधीचं माहीत नव्हतं.’

इतकं साधं! तीन महिने मी त्यावर काय काय रचलं होतं, आणि त्या माणसाला आधीचं माहीत नव्हतं. मी विचारलं, ‘रोज आठलाच?’ तो म्हणाला, ‘आठला जेवतो.’ थोड्या वेळाने त्यानेच बदललं, ‘तुमचं आहे का? बंद करू?’

त्या रात्री मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. तिच्या खुर्चीत बसून जेवतो, हलकट! ते यंत्र वर्गणीतून काढायचं बटण एका बोटावर आहे. दोन दिवस बोट त्या बटणावर होतं. दुकानातही कुणाशी भांडलो नाही. मालकाने विचारलं, बरं नाही का रे तुला?

असो. तुझी जागा झाली. ती कशी झाली ते विचारू नकोस, झाली. पेटी पाठवली आहे, या पत्राच्या मागोमाग येईल. तळहाताएवढीच आहे, काळी. किमतीत वरून दुसरी, मालकाकडून खरेदीच्या भावात मिळवली. काय करायचं ते पुढच्या कागदावर चित्र काढून दिलं आहे. प्लग भिंतीतच लाव. इंटरनेटची तार हिरव्या दिव्यांच्या डब्यातून थेट पेटीत. वाकडं भोक वापरू नकोस, कोळ्याचंच वापर. तुझं नाव मी आधीच घालून ठेवलं आहे आणि आपल्या भाषेतल्या मालिका वर आणल्या आहेत. अक्षरं पिवळी, मोठी, मागे काळी पट्टी. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं स्वतःला दुरुस्त करत बसेल, घाबरून उपटू नकोस.

चित्र स्वच्छ दिसतं का, तेवढं कळव. दात मोजता आले पाहिजेत.

तडतड्या


१४ एप्रिल

तडतड्या,

दात मोजले. बातम्या सांगणाऱ्या बाईचा वरचा एक किंचित पुढे आहे.

पेटी मी एकटीने लावली, नर्सला बोलावलं नाही. तुझ्या चित्रात टीव्ही बैलासारखा दिसतो, पण कळला. दहा मिनिटं ती स्वतःला दुरुस्त करत होती तोवर मी समोर हात बांधून बसले. मग एकदम एक म्हातारा गृहस्थ पडद्यावर आला आणि आपल्या मुलीला म्हणाला, आलीस का? अक्षरं नंतर आली. आधी मी ओठांवर वाचलं. इतक्या दिवसांनी कुणीतरी घरात येऊन ‘आलीस का’ म्हणालं. मी हो म्हटलं, मूर्खासारखं.

आठवडा कुठे गेला कळलं नाही. एकदाही बंद पडली नाही, तापली नाही. तुला यातलं कळतं हे मान्य. तुझ्या वडिलांना मी तसं पत्रही लिहिलं आहे, आणि ते गप्प आहेत, म्हणजे मान्य.

पण काल अक्षरं आणखी जरा मोठी करावी म्हणून मी आत आत शिरले आणि एका पानावर जाऊन अडकले. तिथे लिहिलं होतं, जोडलेली यंत्रं दोन. एक ‘मावशीचा टीव्ही’. दुसरं ‘बैठकीची खोली’, ‘कुरळी’च्या जागी. मी खाली बघितलं, वर बघितलं. तुझा फोन कुठेच नाही. नर्सला बोलावून वाचून घेतलं, म्हटलं माझ्या डोळ्यांची चूक असेल. ती म्हणाली, नाही मावशी, दोनच आहेत.

म्हणजे भाडेकरूला तू काढलं नाहीस. स्वतःला काढलंस.

वर्गणी तू भरायची आणि जेवताना बघायचं आम्ही दोघांनी? त्या माणसाला तू ओळखत नाहीस. मला सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच लपवलंस, हेही कळतं. ओरडावं असं वाटलं, पण कुणावर? बराच वेळ पेटी तशीच चालू राहिली. माणसं येत होती, बोलत होती, जात होती. मी एकही ओठ वाचला नाही.

तू त्या खोलीवर संध्याकाळी काय बघत असशील आता? छत? पट्टी तर गेली.

तुझी आई म्हणते, तू दाढी वाढवली आहेस, छातीपर्यंत. प्रेमात हरलेल्या लोकांनी काहीतरी वाढवायचंच असतं, माझी हरकत नाही. पण रविवारी पहाटेची गाडी धर आणि इथे ये. दोन दिवस राहा. पेटी मी बंद ठेवीन. खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून बस आणि सगळं सांग, कुरळीचं, त्या भाडेकरूचं, मालकाचं. ओरडायचं तर ओरड, मला त्रास नाही. मध्ये मध्ये थांब, म्हणजे मला उत्तर देता येईल.

फक्त येण्याआधी दाढी काढ. त्या जंगलातून तुझे ओठ मला दिसणार नाहीत.

मावशी